समजलं नाही, पुन्हा सांगा

धुळ्याच्या बाजारात कुणी अर्धवट काही बोललं की समोरचा लगेच विचारतो, "काय म्हनस रे भो?" अहिराणीत असं विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तोच माणूस इंग्रजीपुढे उभा राहिला की "यस सर" म्हणून मोकळा होतो.

शिरपूर-चोपड्याकडची मुलं पुण्याच्या कंपन्यांत लागतात. साहेब म्हणतो, "कॅन यू लुक इन्टू धिस?" हे नुसतं पाहून ठेवायचं, की आजच करून द्यायचं? मुलगा विचारत नाही; विचारलं तर खेडवळ ठरू, ही धास्ती. रात्री जागून अंदाजाने काम उरकतो आणि सकाळी कळतं, साहेबाला भलतंच हवं होतं. "डू यू मीन टुडे, सर?" एवढ्यावर भागलं असतं. इंग्रजी फाडफाड बोलण्याचं आपल्याला केवढं कौतुक! मध्येच थांबून विचारणाऱ्याचं मात्र कुणी कौतुक करत नाही.

दवाखान्यात हे जिवाशी येतं. चिठ्ठीत गोळीपुढे 'एसओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे त्रास झाला तरच घ्यायची. डॉक्टर घाईत तेवढंच म्हणतात, म्हातारी आई मुलाकडे बघते, मुलगा मान हलवतो आणि घरी ती दुखण्यावरची गोळी दिवसातून तीनदा सुरू होते. त्या मुलाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. बाहेर पेशंटांची रांग, डॉक्टरांच्या कपाळावर आठी, आणि शाळेपासून ऐकत आलेलं "एवढंही कळत नाही?" त्याची ती लाज आपणच पेरलेली आहे.

म्हणून जबाबदारी आधी बोलणाऱ्याची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. विनोबांना संस्कृतसह कितीतरी भाषा येत होत्या. तरी संस्कृत न शिकलेल्यालाही उमगेल अशा मराठीत ते बोलले. समजून घेण्याचा सगळा भार त्यांनी ऐकणाऱ्यावर टाकला नाही.

"कळलं ना?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. डॉक्टरसाहेब, त्याऐवजी विचारा, "आजी, ही गोळी कधी घेणार, सांगा बरं?" आजी "रोज सकाळी" म्हणाल्या, तर घोटाळा तिथेच, खुर्चीवरून उठण्याआधी, कळतो.