दोन घरचा पाहुणा

नियमात बसते तेवढे सगळे करावे काय? प्रश्न फार जुना आहे आणि घराघरांत तो रोज निमूटपणे सुटतही असतो. पंक्तीत वाढप्याने आपल्या भावाच्या पानावर दोन लाडू अधिक टाकले, तर त्याला कोणता कायदा अडवणार आहे? तरी चांगल्या वाढप्याचा हात आपल्या माणसाच्या पानाशी जरा अधिकच जपून चालतो. त्याला कुणी तसे सांगितलेले नसते.

राज्यघटनेकडे वळलो की मात्र आपण हे शहाणपण उंबरठ्याशी ठेवून जातो. घटना म्हणजे कलमांचे बाड, आणि कलमाने जे मना केलेले नाही ते सारे क्षम्य, अशी आपली समजूत. डॉ. आंबेडकरांची तशी समजूत नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना ते घटनात्मक नीतीविषयी बोलले होते. ही नीती माणसाला जन्मतः लाभत नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या नीतीची कसोटी लागल्याचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

१९९९ च्या एप्रिलमध्ये अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतला आणि राष्ट्रपती नारायणन यांनी वाजपेयींना लोकसभेचा विश्वास सिद्ध करायला सांगितले. १७ एप्रिलला मतदान झाले. त्या दिवशी सभागृहात गिरिधर गमांग बसले होते. ते कोरापुटचे खासदार. पण फेब्रुवारीतच ते ओडिशाचे, तेव्हाच्या ओरिसाचे, मुख्यमंत्री झाले होते. हा माणूस मत कसा देतो, अशी हरकत निघाली. कायदा पाहावा तर तो गमांगांच्या बाजूचा. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्यालाही सहा महिने मंत्रिपदावर राहता येते, असे १६४ वे कलम सांगते. संसदेवर आणि विधानसभेवर दोन्हीकडे निवडून आलेल्याला एक जागा सोडावी लागते हे खरे. परंतु गमांग विधानसभेवर अद्याप निवडून आलेलेच नव्हते. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय गमांगांच्याच विवेकावर सोपवला. गमांगांनी सरकारविरुद्ध मत दिले. सरकारच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो. इथे पाहुणा दोन्ही घरी जेवला.

तेव्हापासून ‘त्या एका मताने सरकार पडले’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. वास्तविक २७० पैकी कुठलेही मत ‘ते एक’ मत होते. नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांचे मतही तितकेच वजनाचे. आणि गमांग गप्प बसले असते तर? मते समसमान झाली असती आणि घटनेच्या १०० व्या कलमाप्रमाणे निर्णायक मत खुद्द अध्यक्षांच्या पदरात पडले असते. अध्यक्ष तेलुगू देसमचे, आणि तो पक्ष सरकारला पाठिंबा देणारा! अर्थात हे त्यांना आधी ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

गमांगांच्या बाजूनेही बोलता येते, आणि ते बोलणे पोकळ नाही. कोरापुटच्या लोकांनी त्यांना दिल्लीला धाडले होते. सरकार राहावे की जावे, हे ठरण्याच्या दिवशीच त्या लोकांचा आवाज बंद ठेवणे, हे कोणत्या नीतीत बसते? तरीही मला तो युक्तिवाद पटत नाही. संघराज्यात दोन चुली मांडलेल्या असतात. राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार, केंद्राचे लोकसभेला. एका चुलीच्या कर्त्याने दुसरीतला जाळ ओढून काढायचा, तर त्या दोन मांडल्या कशाला? गमांगांचा दोष, माझ्या मते, १७ एप्रिलच्या मतदानात नाहीच. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी खासदारकी सोडली नाही, तिथे तो आहे. विवेकाला विचारायची वेळ ती होती. पुढे सभागृहात प्रश्न आला तेव्हा काहीही केले तरी एक बाजू दुखावणारच होती.

केंद्राचे हातही या बाबतीत स्वच्छ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ३५६ व्या कलमाखाली याच सरकारने बिहारातले राबडीदेवींचे सरकार दूर केले होते. राज्यसभेत बहुमत मिळण्याची आशा नाही असे दिसले, तेव्हा मार्चमध्ये ते परत बसवावे लागले. आधी १९७७ मध्ये जनता सरकारने आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने प्रत्येकी नऊ विधानसभा बरखास्त केल्या होत्या. मुख्यमंत्र्याने दिल्लीत मत दिले की आपल्याला टोचते. दिल्लीने अख्खी विधानसभा पुसून टाकली तर ती मात्र राजकारणाची रीत! आणि पक्षाचे म्हणाल तर २०१७ च्या मार्चमध्ये योगी आदित्यनाथ उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. जुलैतल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांनी खासदार म्हणून मत दिले. तेही नियमात बसले. ज्यांनी १९९९ मध्ये सर्वांत मोठ्याने हरकत घेतली, त्यांच्याच पक्षाचे ते.

परंतु १७ एप्रिलची दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. एका मताने हरलेले वाजपेयी त्याच दिवशी राष्ट्रपतींकडे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. ते मत वादग्रस्त होते, हरकत सभागृहात नोंदली गेली होती. अडून बसायला एवढे निमित्त पुष्कळांना पुरले असते. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे एवढेच घटना सांगते. हरलेल्याने किती तासांत उठावे, हे तिने कुठेही लिहिलेले नाही. पुढे लोकसभा विसर्जित झाली, निवडणूक होईपर्यंत तेच सरकार काळजीवाहू म्हणून राहिले आणि त्याच अवस्थेत त्याने कारगिलचे युद्ध लढले. ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्दसुद्धा घटनेत शोधून सापडत नाही.