वजाबाकीचे विज्ञान

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात ‘इलेक्ट्रॉनांच्या परस्परविरोधातून उपजणारी अतिसंवाहकता आणि चुंबकत्व’ असा विषय काढला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा आम्हाला उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. मानोऱ्याचा वाशिम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या भावावर इथल्या घरांचे वर्ष ठरते आणि शेतीपंपाची वीज दिवसा मिळणार की रात्री, यावर झोप ठरते. अशा ठिकाणी कागदावरच्या इलेक्ट्रॉनांची वकिली करायची असेल, तर ती सरळ असली पाहिजे.

नेहमीची वकिली सरळ नसते. ती दोन दाखले देते. पहिला एमआरआयचा : अकोल्याला किंवा नागपूरला ज्या यंत्रात रुग्णाला सरकवतात, त्याच्या चुंबकाचे वेटोळे बहुधा नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारेचे असते आणि ते उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले असते. दुसरा वीजवाहिन्यांचा : एक दिवस गळती नसलेल्या तारा येतील. पहिला दाखला खरा आहे, पण त्याचे श्रेय सिद्धांताकडे फारसे जात नाही. असे मिश्रधातू वितळवून, पारखून, पुन्हा वितळवून प्रयोगशाळांनी शोधले. कोणी गणित मांडून त्यांचे भाकीत केले नव्हते. दुसरा दाखला अजून आश्वासनच आहे आणि डीपी जळाली की दिवसच्या दिवस वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला आश्वासनांची टंचाई नाही. म्हणून उपयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून मी वेगळे म्हणणे मांडतो. इलेक्ट्रॉनांच्या या गणिती प्रारूपांचे मोल ती काय देतात यात जितके आहे, त्याहून अधिक ती काय सोडून देतात आणि त्या सोडण्याचा हिशेब कसा देतात, यात आहे.

हाइक कामरलिंग ओनेस यांना 1911 साली लायडन येथे दिसले की, 4.2 केल्विनच्या आसपास पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो; हीच अतिसंवाहकता. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळायला 1957 उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवले की, स्फटिकातील अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या जोड्या एकाच लयीत वाहू लागतात. या सिद्धांताला 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याचे यश एका धाडसी वजाबाकीवर उभे होते. इलेक्ट्रॉनांमधले थेट प्रतिकर्षण त्याने जवळजवळ हिशेबाबाहेर ठेवले होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी प्रभावात, पण बराचसा आपल्यापुरता वावरतो, असे त्यात गृहीत होते. शिसे, कथील, ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत हे चालून गेले.

काही पदार्थांच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, हे आधीच ठाऊक झाले होते. निकेल ऑक्साइड प्रचलित सिद्धांतानुसार विद्युतवाहक ठरायला हवे होते. प्रत्यक्षात ते वीज वाहू देत नाही, याकडे डी बोअर आणि व्हेरवे यांनी 1937 मध्येच लक्ष वेधले होते. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टाळतात की सगळेच जागच्या जागी अडकतात, हे त्याचे कारण. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत जो उभा आहे त्याला पाऊल टाकायला जागा नसते. कोणी एक बाहेर निघाला की त्याची मोकळी जागा मात्र गर्दीतून सरकत जाते. इलेक्ट्रॉनांचे बरेचसे तसेच होते. स्फटिकातल्या दर स्थानी एक इलेक्ट्रॉन असला की वहन थांबते. काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की रिकाम्या जागा वाहू लागतात.

हे चित्र 1963 साली जॉन हबर्ड यांनी दोन पदांत बसवले. एक पद इलेक्ट्रॉनने शेजारच्या स्थानावर उडी मारण्याचे, दुसरे एकाच स्थानी दोन इलेक्ट्रॉन आल्यास द्याव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या दंडाचे. बाकी सगळे वगळले : अणूंची कंपने, दूरच्या इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण, स्फटिकातले दोष. उरले ते इतके थोडे की पोस्टकार्डावर मावेल. तरीही त्यातून चुंबकत्व आपसूक निघते. दंड मोठा असला की इलेक्ट्रॉन शेजारी जाऊन राहू शकत नाही, पण क्षणभर डोकावू शकतो. तेही शेजाऱ्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकी कल) उलटा असेल तरच, कारण सारख्या स्पिनच्या दोघांना एका स्थानी मज्जाव आहे. डोकावल्याने ऊर्जा थोडी घटते, म्हणून शेजारी-शेजारी स्पिन उलटसुलट लागतात. वहन जिथे अडले, तिथेच चुंबकत्वाची मांडणी उभी राहिली. या दोन गोष्टी एकाच कारणाच्या आहेत, हे दोन पदांनी सांगितले.

ही दोन पदे सोडवणे मात्र भयंकर अवघड आहे. प्रत्येक स्थानाच्या चार शक्यता : रिकामे, वरच्या स्पिनचा इलेक्ट्रॉन, खालच्या स्पिनचा, किंवा दोन्ही. 16 स्थाने घेतली की एकूण शक्यता 429 कोटींच्या वर जातात. 100 स्थानांसाठी ती संख्या साठहून अधिक अंकांच्या घरात पोचते. एका रेषेतल्या साखळीसाठी लीब आणि वू यांनी 1968 मध्ये अचूक उत्तर काढले. प्रत्यक्ष पदार्थांना लागणाऱ्या सपाट जाळीसाठी तसे उत्तर आजही नाही. मग दोनच वाटा उरतात. अवघड प्रारूपाशी अंदाजाने झुंजायचे, किंवा आणखी वजाबाकी करून अचूक सुटेल असे प्रारूप घडवायचे.

दुसऱ्या वाटेचा एक देखणा टप्पा मुंबईत घडला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी 1969 मध्ये स्पिनांची एक साखळी मांडली. इलेक्ट्रॉनांची ये-जा वगळली, फक्त स्पिन ठेवले. प्रत्येक स्पिनला शेजाऱ्याच्या उलट राहायचे आहे, पण शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्याही उलट राहायचे आहे. दोन्ही एकदम साधणे अशक्य. दुसरा ओढा पहिल्याच्या बरोबर निम्मा असेल, तर साखळी एक सुबक तोड काढते : स्पिन दोन-दोनच्या जोड्या लावतात, प्रत्येक जोडीचा एकूण स्पिन शून्य होतो आणि जोड्यांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. लगतचे कोणतेही तीन स्पिन घेतले तरी त्यांत एक पूर्ण जोडी सापडतेच, या साध्या निरीक्षणावर त्याची सिद्धता उभी राहते. पुढे याच संस्थेतून पीएच.डी. केलेले श्रीराम शास्त्री आणि अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे बिल सदरलंड यांनी 1981 मध्ये अशाच जोड्यांचे उत्तर असलेली सपाट जाळी रचली. तिच्या तिरप्या दुव्यांची ठेवण इतकी खास होती की निसर्गात असे काही असेल, असे समजण्याला आधार नव्हता.

स्ट्रॉन्शियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग रसायनशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये तयार केले आणि त्याची रचना नोंदवली. त्याच्या चुंबकी गुणांकडे जपानमधील कागेयामा आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये लक्ष दिले. तांब्याच्या अणूंची त्यातली मांडणी थेट शास्त्री-सदरलंड जाळीची निघाली. स्पिन जोड्यांत बांधलेले होते आणि चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले, तर चुंबकन सलग न वाढता ठरावीक अपूर्णांकांवर थबकत होते. कागदावरच्या जाळीला 18 वर्षांनी स्फटिक मिळाला.

अशा गोष्टी सांगताना सिद्धांतवाल्यांना आनंद होतो, पण त्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हिशेबाची दुसरी बाजूही मुंबईतच सापडते. चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा वैरी, असा जुना अनुभव होता. लँथॅनममध्ये सुमारे एक टक्का गॅडोलिनियम मिसळले तरी अतिसंवाहकता मावळते, हे बर्न्ड मॅथियस आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये दाखवले होते. नवे अतिसंवाहक शोधणाऱ्यांसाठी याच मॅथियस यांच्या नावावर एक नियमावली सांगितली जाते : चुंबकत्व टाळा, ऑक्सिजन टाळा, विद्युतरोधक टाळा आणि सिद्धांतवाल्यांना तर जरूर टाळा. बेडनोर्झ आणि म्युलर यांनी 1986 मध्ये झुरिकजवळ तांब्याच्या ऑक्साइडात अतिसंवाहकता शोधली, तेव्हा पहिले तीन नियम एकदमच मोडले. त्यानंतर कुलाब्यात आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या नमुन्यात 12 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची खूण दिसली. निकेलसारखे चुंबकी मूलद्रव्य असूनही! कारण होता नमुन्यात नकळत शिरलेला थोडा कार्बन. मग तो मुद्दाम घालून 1994 च्या आरंभी चार मूलद्रव्यांच्या अतिसंवाहकांचे नवे कुळ जगापुढे आले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने पॅलेडियम वापरून 23 केल्विनपर्यंत मजल मारली. या कुळात पुढे होल्मियमचे संयुग मिळाले. ते 8 केल्विनला अतिसंवाहक होते, 5 केल्विनजवळ त्याचे चुंबकत्व डोके वर काढून अतिसंवाहकतेला जवळजवळ मोडते आणि आणखी थंड केल्यावर अतिसंवाहकता परत येते. टाटा संस्थेतच एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ 0.00053 केल्विनला अतिसंवाहक होतो, हे दाखवले. तो निष्कर्ष 2017 मध्ये छापून आला. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एक वाहक इलेक्ट्रॉन. इतक्या विरळ वस्तीला 1957 चा सिद्धांत लागूच होत नाही, कारण त्याची एक मूळ अटच तिथे पुरी होत नाही. यांतले काहीही सिद्धांताने आधी सांगितलेले नव्हते.

मग प्रारूपवाल्यांवर होणारा आरोप खरा मानायचा का? आरोप असा की, ते निसर्गाने घातलेले प्रश्न टाळून स्वतःला सुटतील तेवढेच प्रश्न निवडतात. यात तथ्य आहे. अचूक सुटणाऱ्या प्रारूपांचे अनेक कागद कोणत्याही स्फटिकाला न भेटता कपाटात राहिले आहेत आणि राहतील. पण आरोपात एक गोष्ट निसटते. प्रारूप चुकते तेव्हा ते नेमके कुठे चुकले, हे सांगता येते, कारण काय वगळले ते आधीच लिहून ठेवलेले असते. भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी 1987 मध्ये कल्पना मांडली की, तांब्याच्या ऑक्साइडांत स्पिनांच्या शून्य-स्पिन जोड्या आधीच तयार असतात आणि रिकाम्या जागा मिळताच त्याच वीज वाहून नेणाऱ्या जोड्या होतात. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे जी. बास्करन यांनी त्यांच्याबरोबर ती कल्पना गणितात उतरवली. ती बरोबर का, हा वाद मिटलेला नाही. पण वाद कशावर आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. सपाट जाळीच्या हबर्ड प्रारूपावर 2020 मध्ये मोठ्या संगणकीय अभ्यासाने दाखवले की, उडी फक्त लगतच्या शेजाऱ्यापर्यंत मर्यादित ठेवली तर त्या तपासलेल्या टप्प्यात अतिसंवाहकता टिकत नाही. तिरप्या शेजाऱ्यापर्यंतची छोटी उडी जमेस धरली तर ती दिसते, असे 2024 मध्ये पुढे आले. साठ वर्षे किरकोळ म्हणून वगळता येणारे पद किरकोळ नव्हते. एवढे ठामपणे कळणे हा पराभव नाही.

वगळलेल्याचा हिशेब देण्याचे हे शिक्षण मानोऱ्याच्या विद्यार्थ्यापर्यंत का पोचत नाही? आपल्याकडे भौतिकशास्त्र नियमांच्या यादीसारखे शिकवले जाते. ओमचा नियम पाठ असतो. तो कोणत्या पदार्थाला, कोणत्या तापमानाला लागू आणि कुठे कोलमडतो, हे परीक्षेत विचारले जात नाही. मजुमदार-घोष साखळीतले चार स्पिन एम.एस्सी.चा विद्यार्थी वहीत सोडवू शकतो. त्याला हेलियम लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून सिद्धांत गरिबांचे विज्ञान आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. वही स्वस्त आहे, पण चुकीवर बोट ठेवणारी संगत स्वस्त नाही. कुलाब्यात नवी कल्पना त्याच संध्याकाळी चार जणांपुढे मांडता येते. तालुक्यात तो श्रोता मिळत नाही. इंटरनेटने शोधनिबंध आणून दिले, भांडणारा सहकारी आणून दिला नाही. महाविद्यालयांवर पैसा घालायचा असेल, तर तो आधी या संगतीवर घालावा.

काय वगळले ते उघड मांडण्याच्या या शिस्तीची गरज भौतिकशास्त्राबाहेर अधिक आहे. पीकविम्यात नुकसान ठरवताना महसूल मंडळ हे एकक धरून पीककापणी प्रयोगांतून सरासरी उत्पन्न काढले जाते. हेही प्रारूपच आहे. प्रत्येक शेत मंडळाच्या सरासरीप्रमाणे वागते, हे त्याचे गृहीत. नाल्याकाठचे शेत खरडून गेले आणि माळावरचे तगले, तर सरासरीत दोघेही हरवतात. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत सरासरीचे गृहीत कुठे मोडते, हे शोधण्यात पिढ्या खर्ची पडल्या. शेतांच्या बाबतीत ते मोडले तर सिद्ध करण्याची जबाबदारी नुकसान झालेल्यावर येते. फरक गणिताच्या अवघडपणाचा नाही. पहिल्या ठिकाणी वगळलेल्या गोष्टींची यादी समोर असते आणि पदार्थाचा निकाल बंधनकारक असतो. दुसऱ्या ठिकाणी यादी शासन निर्णयाच्या परिशिष्टात असते आणि शेताचा निकाल बंधनकारक नसतो. पर्जन्याचा अंदाज, दारिद्र्याची रेषा, कर्जमाफीचे निकष, शाळेचा पट : आपल्यावर राज्य करणारी बहुतेक साधने प्रारूपेच आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला हबर्डची दोन पदे आठवली नाहीत तरी हरकत नाही. कोणताही आकडा समोर आला की यात काय वगळले, कोणी वगळले आणि काय घडले तर हे चुकले असे मान्य करणार, हे तीन प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत. विचारल्यावर उत्तर देणे समोरच्याला बंधनकारक असले पाहिजे.