विहिरीच्या काठावरचा प्रश्न

जानेवारीत ५ ते ७ तारखेला एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. सत्तर गावांचा इलाका शिधा घेऊन जंगलवाटेनं वर चढतो. माडिया आदिवासींचे पेरमा, म्हणजे पुजारी, पूजा करतात, रात्री ढोल वाजतात. देवळाचं उंच शिखर, सभामंडप असं काही तिथे शोधू नये. ठाकूरदेव त्या डोंगरावर राहतो, म्हणून डोंगरच पूज्य.

त्याच डोंगरावर २००७ साली ३४८.०९ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथल्या सत्तरहून अधिक गाड्या जाळल्या. त्या धुरात, डोंगरच देवाचा आहे हे यात्रेकरूंचं म्हणणं आणखीच दिसेनासं झालं. २०२३ मध्ये खाणीच्या उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. देव तर चराचरात आहे, मग याच डोंगराचा हट्ट कशाला, असं दूरच्या माणसाला सहज वाटतं.

बायबलमध्ये हा प्रश्न एका बाईनं विचारलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री येशूला म्हणते, आमचे वाडवडील या डोंगरावर उपासना करत, तुम्ही यहूदी यरुशलेम सांगता. येशू तिला सांगतो की उपासना ना या डोंगराला बांधलेली, ना यरुशलेमाला. ती आत्म्यानं आणि सत्यानं व्हायची आहे. या उत्तरावर असंख्य प्रवचनं झाली. बाईच्या प्रश्नाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

तिच्यासमोरचा डोंगर होता गरिज्जीम. त्यावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस यानं सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी पाडलं होतं. म्हणजे ज्यांनी देवस्थान मोडलं, त्यांच्याच लोकांतल्या माणसाशी ती बोलत होती. आणि त्या माणसानं उत्तर देताना स्वतःच्या लोकांचं यरुशलेमही सोडलं. दुसऱ्याचा डोंगर सोडायला सांगणं सोपं असतं. इथे तसं घडलेलं नाही. या वचनाचा आधार घेऊन कुणाच्या पवित्र जागेला क्षुल्लक ठरवता येईल, असं म्हणूनच वाटत नाही.

शिवाय हे उत्तर शिरोधार्य मानणाऱ्या ख्रिस्ती माणसांचे पाय येशूच्या भूमीकडे वळायचे थांबले का? चौथ्या शतकात एगेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून तिथवर गेली आणि पाहिलेलं सगळं लिहून ठेवलं. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमानं येशूच्या कबरीवरचं चर्च पाडलं गेलं, तर ते पुन्हा त्याच जागी उभं राहिलं. आजही वसईहून भाविकांचे गट पवित्र भूमीला जातात, यार्देनेच्या पाण्यात उतरतात, क्रूसाच्या वाटेवर चालतात. देव वसईतही आहे, हे त्यांना ठाऊक असतं. तरी ते पाणी अंगाला लागावंसं वाटतं, कारण भक्ती करणाऱ्या माणसाला देह आहे.

आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याचंच पाहा. एलीया संदेष्ट्याचा रथ तिथल्या खडकावर उतरला अशी बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या मराठी यहूदी समाजाची, श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणा ते चाकांच्या मानतात आणि तिथे मलिद्याचा विधी करतात. समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. प्रत्यक्ष एलीयाच्या देशात राहणारी ही मराठी माणसं इकडे आली की कोकणातल्या त्या खडकापाशी जातात.

मग अशा जागेचं काय करायचं, हे कुणी ठरवावं? ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की खाणीमुळे डोंगरदेवाच्या उपासनेला बाध येतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही खाणीला नाही म्हणाल्या. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्यांचा हवाला देत सूरजागड इलाक्यातल्या ग्रामसभाही आपलं म्हणणं ऐकलं जावं, हेच मागत आल्या आहेत.

विहिरीवरच्या त्या बाईचे शोमरोनी लोक आता हजाराच्या आतच उरले आहेत. वल्हांडणाच्या संध्याकाळी ते पांढरे कपडे घालून गरिज्जीमवर जमतात, मेंढरांचा बळी देतात, खोल खड्ड्यांतल्या विस्तवावर ती भाजतात आणि रात्री सगळं कुटुंब मिळून खातात. पाडलेलं मंदिर त्यांनी पुन्हा बांधलेलं नाही. चढायला डोंगर आहे.