फ्यूज आणि जाळरेषा

मूल तालुक्यातल्या एका गावात एक गुरुजी राहत. शाळेची घंटा असो की विहिरीवरचा पंप, बिघडलेली वस्तू स्वतः खोलून दुरुस्त करायची त्यांना भारी हौस. त्यांची जुनी मोटार अंगणाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी असे.

मार्चमध्ये मोहाची पानं गळू लागली आणि गाडीचा ब्लोअर घरघर करू लागला. गुरुजींनी बटण दोनवरून चारवर नेलं. आवाज वाढला, वारा काही वाढला नाही. मग एक दिवस ब्लोअर बंदच पडला. झाकण उघडून पाहिलं तर फ्यूज उडालेला. नवा बसवला, तोही उडाला.

"हल्ली फ्यूजच हलके येतात," गुरुजी म्हणाले. उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांना त्यांनी तांब्याची तार गुंडाळली आणि तो परत खोचला. ब्लोअर घरघरत सुरू झाला. काम फत्ते झालं, असं गुरुजींना वाटलं.

एप्रिलमध्ये म्हाताऱ्या आईला डोळे दाखवायला चंद्रपूरला न्यायचं होतं. ऊन रणरणत होतं. काचा उघडल्या की झळा तोंडावर येत, म्हणून काचा लावून गुरुजींनी ब्लोअर पूर्ण सोडला. जंगलाचा रस्ता लागला आणि रबर जळल्याचा वास आला. पाठोपाठ डॅशबोर्डखालून धूर निघाला. गुरुजींनी गाडी झटकन कडेला घेतली, ती नेमकी सागाच्या वाळक्या पाल्यावर.

तिथे मजुरांसोबत एक वनरक्षक उभा होता. तो ओरडत धावला, "गुरुजी, पाल्यावर नका थांबू! गाडी डांबरावर घ्या!"

गाडी रस्त्यावर आली, आईला खाली उतरवलं. गुरुजींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि तार गुंडाळलेला फ्यूज उपटून काढला. धूर थांबला. आतल्या वायरचं रबर हातभर वितळलं होतं.

ब्लोअरविना गाडी कशीबशी चंद्रपूरला पोचली. गॅरेजमधल्या मेस्त्रीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "पंखा हातानं फिरवून पाहिला होता काय, गुरुजी?"

गुरुजींनी मान हलवली. नव्हता पाहिला.

मेस्त्रीनं आधी बॅटरीची वायर सोडली. डाव्या बाजूचा, कागदपत्रं ठेवायचा खण उतरवला, मागचे तीन स्क्रू काढले, तशी मोटार पंख्यासकट हातात आली. पंख्याच्या पिंजऱ्यात मोहाच्या पानांचा चुरा दाबून बसला होता. त्यात वाळलेली फुलं होती आणि सावरीचा कापूस आणून उंदरानं केलेलं घरटंही. मेस्त्रीनं बोटानं ढकललं, पंखा जागचा हलेना.

"मोकळा पंखा थोडाच करंट ओढते. अडला का मोटार जोर लावते, करंट कितीतरी वाढते. वायरले तो झेपत नाही, म्हणून फ्यूज आधी उडते. त्यानं तुमाले दोनदा सांगतलं, गुरुजी. तुमी त्याचंच तोंड बांधलं."

गुरुजींना रस्त्यावरचा वनरक्षक आठवला. वणव्याचे दिवस येण्याआधी वनखातं जंगलात जाळरेषा काढतं. ठरावीक पट्ट्यातला पाला काळजीपूर्वक जाळून टाकतात, म्हणजे आग तिथवर येऊन थांबते. त्या पट्ट्यावर कोणी पुन्हा पाला पसरला, तर रान वाचायचं कसं? फ्यूज ही गाडीची जाळरेषाच होती आणि तिच्यावर पाला पसरणारे आपणच, हे गुरुजींना उमगलं.

"आता तुमीच बसवा," मेस्त्री म्हणाला. "काम अवघड नाही. फक्त क्रम चुकू नका."

गुरुजींनी पंखा ब्रशनं साफ केला, बोटानं फिरवला. तो अलगद फिरत राहिला. मेस्त्रीनं नवी वायर ओढून दिली. फ्यूजपेटीच्या झाकणावर जेवढ्या अँपिअरचा आकडा छापला होता, तेवढ्याचाच फ्यूज गुरुजींनी लावला. तो उडाला नाही आणि वारा पहिल्यासारखा सुटला. तेव्हापासून पानगळीत ते दर रविवारी पुढच्या काचेखालच्या जाळीतला पाला वेचून काढतात आणि गावात कोणी फ्यूजला तार गुंडाळताना दिसलं की आधी त्याचा हात धरतात.

तात्पर्य : आपल्या हातानं दुरुस्ती जरूर करावी, पण आधी बिघाडाचं कारण शोधावं. धोक्याची सूचना देणाऱ्याला गप्प केलं म्हणून धोका टळत नाही. तो आत वाढत राहतो.