आधी कोणाचं शटर वर जाणार?

कोरोना साथीच्या दोन वर्षांबद्दल बोलताना आपण बंदच्या तारखा सांगतो. २५ मार्च २०२० कुणी विसरलेलं नाही. उघडण्याच्या तारखा मात्र पार पुसल्या गेल्या, आणि शहराचा स्वभाव कळतो तो त्यांच्यावरूनच. बंद करताना जवळजवळ सगळं एका रात्रीत बंद झालं. उघडताना क्रम लावावा लागला. कोण आधी, कोण मागून, कोणाचं नाव यादीतच नाही, हे ठरवणं म्हणजे शहराला काय मोलाचं वाटतं ते ठरवणं. नवी मुंबईत हे कुणी ठरवलं, हा प्रश्न मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

क्रम आठवून पाहू. ३१ मे २०२०ला ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश निघाला. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, समोरची उद्या. २८ जूनला केस कापण्याची दुकानं. मग रुग्ण वाढले आणि जुलैत नवी मुंबई पुन्हा टाळेबंदीत गेली. ५ ऑक्टोबरला राज्यभर हॉटेलं आणि बार निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाले. १६ नोव्हेंबरला, ऐन पाडव्याला, देवळं उघडली. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या वर्गांना राज्याची परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१पासून. जे मूल जून २०२०मध्ये पहिलीत जायचं, त्यानं वर्गातला बाक पाहिला तो दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली हे खरं. पण पहिल्या आणि दुसऱ्या लाटेच्या मधल्या उघडिपीतही लहान मुलांचा नंबर लागला नाही. हॉटेलमालकांची संघटना होती, व्यापाऱ्यांचे महासंघ होते, देवळांसाठी आंदोलनं झाली. सहा वर्षांच्या मुलांचं शिष्टमंडळ मंत्रालयात जात नाही.

जून २०२१मध्ये क्रमाला आकड्यांचा आधार आला. चाचण्यांमधले बाधित किती टक्के आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरलेल्या, यावरून पाच स्तर ठरले. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. पद्धत म्हणून मला ती बरी वाटली. निदान नियमामागचं कारण समोर दिसत होतं. दहा लाखांवर वस्तीच्या महापालिका स्वतंत्र धरल्या, बाकी सगळं जिल्ह्याच्या हिशेबात. नवी मुंबई महापालिका दुसऱ्या स्तरात आली. रायगड जिल्हा चौथ्यात. आता बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरची लागोपाठची स्थानकं, दोन्हीकडचे सेक्टर सिडकोनंच आखलेले. पण बेलापूर नवी मुंबई महापालिकेत, ठाणे जिल्ह्यात; खारघर पनवेल महापालिकेत, रायगडात. तक्त्याप्रमाणे दुसऱ्या स्तरातल्या हॉटेलात बसून जेवता येत होतं, चौथ्यात फक्त पार्सल. विषाणूला ही हद्द ठाऊक नव्हती आणि बेलापुरात वाढपी म्हणून काम करून खारघरला झोपायला जाणाऱ्या पोरालाही तिचा अर्थ लागत नव्हता.

स्तरांचा हा फरक महिनाभरही टिकला नाही. डेल्टा प्लसच्या धास्तीनं २५ जूनला सगळं राज्य किमान तिसऱ्या स्तरावर आणलं गेलं. दुकानं चारपर्यंत, शनिवार-रविवारी बंद. वाशीच्या सेक्टरांतल्या बाजारात पावणेचारला जे दिसायचं ते मी विसरणार नाही. कापडाच्या दुकानात शटर अर्धं ओढलेलं, आत एक गिऱ्हाईक साडीची घडी उलगडून पाहतंय, दारातला नोकर एक डोळा रस्त्यावर ठेवून ‘ताई, लवकर करा’ म्हणतोय. सगळी गर्दी शेवटच्या तासात कोंबली जायची. गर्दी पांगवायला केलेल्या नियमानंच ती दाट केली. दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं ठेवलं तर माणसं विखुरतात, हे कुठल्याही दुकानदारानं सांगितलं असतं. त्याला विचारायचं कुणी?

समारंभांचंही तेच. १५ ऑगस्ट २०२१नंतर लग्नाला बंद सभागृहात शंभर, खुल्या लॉनवर दोनशे माणसं चालतील असं ठरलं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सभागृह होतं, लॉन होतं. घणसोली, करावे, दिवाळे या आगरी-कोळी गावांत हळद दारातल्या मांडवात लागते. तिथे निमंत्रितांची यादी नसते, भावकी असते. मांडव सभागृहात धरायचा की लॉनमध्ये? मोकळ्या हवेतला मांडव बंद हॉलपेक्षा कमी धोक्याचा, हे शास्त्रानंही सांगितलं होतं. पण गाववाल्यांशी बोलून मांडवाचा नियम करावा, असं कुणाला सुचलं नाही.

तुर्भ्याच्या बाजार समितीला तर नीट बंद राहण्याची सोयच नव्हती. मुंबईची भाजी, कांदा, धान्य तिथून जातं. संसर्ग पसरल्यावर मे २०२०मध्ये पाचही बाजार आठवडाभर थांबले, ११ ते १७ तारीख, आणि पुन्हा पाठीवर गोणी आल्या. सातारा-सांगलीकडच्या माथाड्यांना १९६९च्या कायद्यानं निदान मंडळ दिलेलं आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्यासाठी, बिगाऱ्यासाठीही बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे, पण त्यात त्याची नोंद बहुधा नसते. त्याचा नाका उघडल्याचा आदेश कधी निघालाच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी १८९७चा साथरोग कायदा आहे. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, मुळात चार कलमांचा. त्याच साथीत पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि त्याच साथीतल्या घरझडत्यांच्या संतापातून प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. त्या कायद्यानं सरकारला बंदीचे अधिकार दिले. बंदी उठवताना लोकांना विचारावं, अशी तरतूद त्यात नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचाही कल अधिकाऱ्याकडेच.

नवी मुंबईत त्यावर आणखी एक भर पडली. महापालिकेची निवडणूक साथीमुळे पुढे ढकलली गेली, मे २०२०मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे शहर टप्प्याटप्प्यानं उघडत होतं त्या संपूर्ण काळात १११ नगरसेवकांपैकी एकही पदावर नव्हता. मे २०२५मध्ये पाच वर्षं भरली तरी प्रशासकच होता. अधिकाऱ्यांनी कष्ट केले, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात बाराशे खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याचं मोल मी जाणतो. पण रुग्णालय उभारणं हे प्रशासनाचं काम. शाळा आधी की बार आधी, हे प्रशासनाचं काम नव्हे.

साथीत सभा घेत बसायचं का, असं कुणी विचारेल. बंद करताना वेळ नव्हता, मान्य. उघडताना मात्र आठवडेच्या आठवडे हाताशी होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत. प्रत्येक विभागात दुकानदार, शिक्षक, नाका कामगार, गावचे पंच, घरकाम करणाऱ्या बायका यांना मैदानात अंतर ठेवून बसवता आलं असतं, नाहीतर फोनवर विचारता आलं असतं. १ एप्रिल २०२२ला सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या आणि विषय संपल्यासारखा झाला. खरं तर पुढच्या वेळी काय आधी उघडायचं, ती यादी करायची वेळ हीच आहे, कुणी घाबरलेलं नसताना. माझं मत विचाराल तर यादीत पहिली ओळ शाळेची असावी, दुसरी नाक्याची, आणि ती महापालिकेच्या सभागृहात भांडून, मतदान घेऊन ठरावी. तीत माझी बाजू हरली तरी चालेल.