चरणं शिकावं लागतं

जनावराला काय खावं आणि काय टाळावं हे उपजतच कळतं, असा आपला समज आहे. बाभळीच्या काट्यांतून नेमका कोवळा पाला टिपणारी शेळी पाहिली की तो पटतोही. पण घाणेरीचं झुडूप पाहा. त्या रानात वाढलेली गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. विषबाधा होते ती बरेचदा दुसऱ्या मुलखातून नव्याने आणलेल्या किंवा अजून न सरावलेल्या जनावरांना. दुष्काळात भुकेपोटी खाणारी गुरं वेगळी. पाला पोटात गेला की यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. झुडूप तेच, गाईची जात तीच. एकीला त्या रानाची ओळख असते, दुसरीला नसते.

ही ओळख आईकडून, कळपाकडून आणि स्वतःच्या अनुभवातून मिळते. अमेरिकेतल्या यूटा राज्य विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी हा विषय अनेक वर्षं अभ्यासला. त्यांच्या गटाचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कोकरांना तीन प्रकारचं त्रासदायक खाद्य दिलं: भरमसाट धान्य, टॅनिन असलेलं आणि ऑक्झॅलेट असलेलं. प्रत्येकावरचा उतारा वेगळा होता. काही कोकरांना त्रासापाठोपाठ योग्य उतारा देऊन दोन्हींची सांगड अनुभवू दिली. बाकीच्यांना तेच पदार्थ मिळाले, पण ती सांगड जुळू दिली नाही. पुढे पुन्हा त्रास झाल्यावर तिन्ही उतारे समोर ठेवले, तेव्हा अनुभवी कोकरांचा कल योग्य उताऱ्याकडे गेला. बाकीच्यांना निवड करता आली नाही. शहाणपण अंगात मुरण्याची सोय निसर्गाने केली आहे. ते मुरायला मात्र अनुभव हवा.

जंगलातही पिल्लांना बरंच काही मोठ्यांकडूनच मिळतं. हत्तीचं पिल्लू मोठ्यांची ताजी विष्ठा खातं आणि पाला पचवणारे सूक्ष्मजीव त्याच्या पोटात वस्तीला येतात. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहाराचा बहुतांश भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा. उसात जन्मलेलं पिल्लू आईमागून फिरताना शिकार शिकतं ती वस्तीच्या कडेची. त्याला ‘वाट चुकलेला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गोठ्यात बांधलेल्या गाईला असं काही शिकण्याची मुभाच नाही. तिच्यापुढे काय पडेल ते आपण ठरवतो, आणि तिच्या पोटाची घडण विसरून ठरवतो. तिचं कोठीपोट शंभर लिटरहून मोठं असतं. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यांच्या कष्टावर गाय जगते. या आंबवण्यातून आम्ल तयार होतं आणि ते आवरायला लाळ लागते. मोठ्या गाईला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते, ती लांब धाग्याचा चारा चावताना आणि तासन्‌तास रवंथ करताना. पिठूळ अन्नाला रवंथ कमी, म्हणून लाळ कमी. शिवाय ते झपाट्याने आंबतं, म्हणून आम्ल जास्त. दोन्ही बाजूंनी कोंडी होते. पोळ्याला बैलाला प्रेमाने भरवलेल्या पुरणपोळ्या किंवा लग्नघरातून गाईपुढे ओतलेला उरलेला भात अतिरेक झाला तर जनावराला आडवं पाडतो, कधी जीवही घेतो. मान म्हणून घासभर पोळी द्यावी. घमेलंभर देण्यात प्रेम नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

उसाच्या वाढ्यांचंही तसंच. टंचाईत त्यांनी हजारो जनावरं तगवली, हे खरं. पण त्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढंच घातलं तर दुधाळ गाय आतून झिजत जाते. दावणीला मोकळा पर्याय नसेल, तर खनिज मिश्रण देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

शहरातल्या गाईला मोकळीक असते, पण रान नसतं. शेळी हलत्या ओठांनी पान-पान निवडते. गाय जिभेने घास गुंडाळून ओढते आणि जेमतेम चावून गिळते. उष्ट्या अन्नाची गाठ मारलेली पिशवी तिला सोडता येत नाही, म्हणून ती सगळीच आत जाते. प्लॅस्टिक कोठीपोटात साठत राहतं. गिळलेली तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो, आणि जाळीपोटापुढे पडद्यापलीकडे लगेच हृदय असतं. पुण्य म्हणून पिशवी ठेवणाऱ्या हातांनी ती गाठ तरी सोडावी.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो कालवडींचा बाजार. पुष्कळ दूध-गोठ्यांत वासरू जन्मताच आईपासून वेगळं होतं, बादलीवर वाढतं, चरायला कधी जातच नाही. पुढे ती कालवड विकायला निघते. घेणारा दात पाहतो, कास पाहतो, आईचं दूध विचारतो. ती आजवर काय खात आली हे विचारणारा विरळा. त्याच संध्याकाळी तिच्यापुढे वेगळाच चारा पडतो आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. सौदा झाला की जुन्या चाऱ्याच्या चार पेंढ्या सोबत मागून घ्याव्यात आणि नवा चारा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावा. विकणाऱ्यानेही त्या न मागता द्याव्यात.