वाकळ

1972 च्या दुष्काळात चिखलीकडच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती वस्तीत कापणीचा सण आला, पण कापायला काही नव्हतं. ज्वारी गुडघ्याएवढी वाढून जागीच वाळली होती. अर्धी वस्ती खडी फोडायला जात होती आणि पोरं सुकडीच्या रांगेत उभी राहत होती.

तरी पंचांनी सण करायचा ठरवला. दरसाल लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणत (वस्तीत चर्चला देऊळच म्हणत) आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. यंदाचा पैसा चुली न पेटणाऱ्या घरांना द्यायचा होता. हिशेब ठेवणाऱ्या मास्तरांनी त्या घरांची यादी केली.

रविवारी दोन कोंबड्या आल्या, शेरभर तूर आली, एक कोहळं आलं. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी काखेत वाकळ घेऊन आली. नवऱ्याचं धोतर, स्वतःचं विटलेलं लुगडं आणि मधोमध पिठाच्या पिशवीचं कापड. पिशवीवरची निळी अक्षरं अजून पुसट दिसत होती. टाका मात्र मुंग्यांच्या रांगेसारखा.

मास्तर अवघडले. यादीत पहिलं नाव तिचंच होतं.

"आजी, हे राहू द्या. थंडीत तुम्हालेच लागंल."

"मले पोतं पुरते."

"पण तुमचं नाव यादीत हाये."

"कोणत्या?"

"घेणाऱ्यायच्या."

म्हातारी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माही माय लहानपणी मोठ्या दुष्काळात मिशनच्या आश्रमात आली. तिनं काय घेतलं ते सारं लिहून ठेवलं. तिनं देलेलं कोणी लिहिलंच नाही."

तो दुष्काळ 1899-1900 चा. वऱ्हाडातली कितीतरी पोरकी मुलं तेव्हा आश्रमांत वाढली.

वाकळ बोलीला लागली. एकानं तीन रुपयांना घेतली आणि परत बोलीला ठेवली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्याच्या घरी नुकतंच लेकरू झालं होतं. त्यानं ती घडी घालून घरी नेली.

अमेरिकेत आणि कॅनडात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक असेच मेळे भरवतात. हातानं शिवलेल्या गोधड्या लिलावात काढतात आणि पैसा दुष्काळानं, युद्धानं होरपळलेल्यांसाठी धाडतात. त्यांची मदत समिती 1920 मध्ये उभी राहिली, ती रशियातल्या उपाशी भाऊबंदांसाठी. त्यांतली पुष्कळ कुटुंबं पुढं कॅनडात आली आणि त्यांच्याही बाया गोधड्या शिवायला बसल्या. घेणारा हात कायमचा घेणाराच, असं आपल्याला वाटतं. वहीत तसं लिहिलेलं असतं म्हणून.

मास्तरांनी नवं पान काढलं. वर 'देणारे' लिहिलं, खाली म्हातारीचं नाव. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आता खाली माह्या मायचंबी लिहा," ती म्हणाली.

काय दिलं, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी दौतीत टाक बुडवला.